ऑप्शनला टाकलेला जिना

गुडघेदुखीच्या माणसाला त्याच्या गुडघ्याची चौकशी सगळे जण तो बसलेला असताना करतात. डॉक्टर विचारतात तेव्हा तो खुर्चीत असतो. पाहुणे विचारतात तेव्हा सोफ्यावर असतो. मुलगा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा तर पाय स्टुलावर ठेवून बसलेला असतो आणि गुडघा कॅमेऱ्यात येतच नाही. बसलेला गुडघा अत्यंत सज्जन असतो, त्याची कुणाबद्दल काही तक्रार नसते. साहजिकच उत्तर येतं, "आता काही नाही, आता बरंय." विचारणाऱ्याचं समाधान होतं. तो घड्याळ बघतो आणि निघतो. तो निघतो म्हणून यजमानाला दारापर्यंत जायला उठावं लागतं, आणि खरी हकीकत तिथे सुरू होते. ती ऐकायला पाहुण्याला वेळ नसतो, तो चपला शोधत असतो.

निरोगी माणसाच्या आयुष्यात उठणं नावाची क्रियाच नसते. तो बसलेला असतो आणि मग उभा असतो. मधलं त्याच्या लक्षात राहत नाही. गुडघेवाल्याच्या लक्षात फक्त मधलंच राहतं. आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायचं. मग दोन्ही पावलं मागे घ्यायची. मग हात मांडीवर की खुर्चीच्या दांड्यावर, याचा निर्णय. मग थोडा विचार, की उठायची खरोखर गरज आहे का, रिमोट कुणी दुसरं देऊ शकेल का. आणि शेवटी देव. आमच्या सोसायटीत कुणाचं दैवत कोणतं हे कळायला देवघरात डोकवावं लागत नाही. संध्याकाळी सातला डास वाढले की बागेतल्या बाकांवरची ज्येष्ठ मंडळी एकदम उठतात, तेव्हा जवळपास असावं. विठ्ठल, स्वामी समर्थ, गजानन महाराज, अंबाबाई असा सगळ्यांचा पुकारा होतो. जन्मभर लाल झेंड्याच्या मोर्चात चाललेले एक काका आहेत, ते नुसतं "हं" म्हणतात. पण त्या "हं"मध्ये पुरेशी श्रद्धा असते.

उठल्यावरही मंडळी लगेच कुठे जात नाहीत. जागच्या जागी उभी राहतात. नवख्या माणसाला वाटतं, कशासाठी उठलो ते विसरले बहुतेक. विसरलेलं काही नसतं. बसून बसून सांधा आखडलेला असतो आणि पहिली चार-सहा पावलं त्याला समजावण्यात जातात. झिजेच्या संधिवातात सकाळचा आखडलेपणाही बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तास तास सुटत नसेल तर डॉक्टरांना वेगळ्याच संधिवाताची शंका येते. पण दिवसभरात दर बैठकीनंतर या आखडण्याची एक छोटी आवृत्ती निघते. म्हणून नाटकाच्या मध्यंतरात रांगेच्या टोकाला बसलेले आजोबा उभे राहून उगाच छताकडे बघतात, आणि मागच्या वडेवाल्या गर्दीला वाटतं, हे वाट अडवून दिवे मोजताहेत.

माझी आत्या गणिताची शिक्षिका होती. सत्तरी ओलांडली तरी बाई म्हणूनच ओळखली जाते. दोन्ही गुडघे गेले (जाणं म्हणजे ते होते तिथेच आहेत, नुसते गेले आहेत), तेव्हा तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना अर्थातच पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हाडांचे डॉक्टर पहिल्या मजल्यावर का बसतात, हे मी अनेकांना विचारलं आहे. तळमजल्यावर मेडिकलचं दुकान असतं, असं उत्तर मिळतं.

डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी विचारलं, "आजी, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य."

आत्या म्हणाली, "विषय कोणता?"

"म्हणजे?"

"मार्क कशाचे द्यायचे? बसण्याचे, चालण्याचे की जिन्याचे? सगळ्यांचे मिळून देता येत नाहीत. आणि दहापैकी दहा मी नोकरीत असताना कुणाला दिले नाहीत, ते आता गुडघ्याला द्यायची नाही."

"साधारण सांगा हो."

"साधारण हा आकडा नाही."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरमध्ये चार टाकले. आत्याने ते चष्म्यावरून पाहिलं. उत्तरपत्रिका न वाचता मार्क देणारे परीक्षक तिने आयुष्यात पुष्कळ पाहिले होते.

मला विचाराल तर बाई बरोबर होत्या. गुडघ्याच्या दुखण्याचा अभ्यास करणारेही आता स्वस्थ बसलेलं असतानाचं दुखणं आणि हालचालीबरोबर उठणारं दुखणं यांचे हिशेब वेगळे ठेवावेत असं म्हणतात. झिजलेल्या गुडघ्याचं, निदान पहिली काही वर्षं, बसल्यावर फार काही नसतं. जे आहे ते हलण्याशी बांधलेलं. दोन्हींची सरासरी काढली की असा आकडा मिळतो जो दिवसातल्या कुठल्याच क्षणाला लागू पडत नाही.

विषयवार मार्क द्यायचं काम बर्लिनमध्ये झालंही आहे, फक्त तिथे मोजलं ते दुखणं नव्हे, वजन. तिथल्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच भार मोजणारी यंत्रणा घातली, आणि आतून बिनतारी निरोप येऊ लागले. २०१० मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. दोन पायांवर नुसतं उभं राहिलं तर एका गुडघ्यावर साधारण शरीराच्या वजनाएवढाच भार. सपाट चालताना अडीच पटीहून थोडा जास्त. खुर्चीतून उठताना जवळपास अडीच पट. जिना चढताना तिपटीच्या वर. आणि उतरताना साडेतीन पट, म्हणजे या सगळ्यांत पहिला नंबर. आत्याचं वजन सत्तर किलो धरा. (ती पासष्ट सांगते, आपण गणित सोपं व्हावं म्हणून सत्तर धरू.) दवाखान्याच्या जिन्यावरून तळमजल्यावरच्या मेडिकलमध्ये उतरताना प्रत्येक पायरीला तिचा एक गुडघा अडीच क्विंटलच्या आसपास माल उचलतो. मार्केट यार्डातला हमाल एवढ्यासाठी चौघांना हाक मारेल.

आमच्या जिन्यात भेटणारी प्रत्येक गुडघेग्रस्त व्यक्ती एकच वाक्य बोलते, "चढायचं काही नाही हो, उतरायचंच." घरातल्या तरुणांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, चढायला कष्ट, उतरायला काय लागतं? पृथ्वी ओढतेच आहे. पृथ्वी ओढते हीच तर अडचण आहे. उतरताना आख्खं शरीर धाडकन खालच्या पायरीवर पडू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू ते धरून ठेवतो, आणि धरून ठेवत असतानाच लांब होत जातो. ताण सोसत लांब होणं हे स्नायूच्या नोकरीतलं अवघड काम. गुडघा वाकलेला, वजन एका पायावर, वाटी मांडीच्या हाडावर दाबली गेलेली. स्नायू अशक्त असला तर हा भार नीट पेलला जात नाही, आणि गुडघा ते लगेच कळवतो. म्हणून मंडळी कठड्याला दोन्ही हात लावून, त्याच्याकडे तोंड करून, आडवी आडवी उतरतात. दुखरा पाय आधी खाली, मग चांगला त्याच्या शेजारी, मग क्षणभर विश्रांती. वरून उड्या मारत येणारा इस्त्रीवाल्याचा मुलगा मागे शांतपणे उभा राहतो. पुण्यात कुणी कुणासाठी शांतपणे थांबतं अशा ज्या थोड्या जागा उरल्या आहेत, त्यांतली ही एक.

आता दुखतं नक्की काय, हे विचारलं तर प्रत्येक घरात उत्तर तयार असतं. गादी झिजली. वंगण संपलं. दोन्हींत तथ्य आहे, आणि तरी गंमत आहे. कारण ज्या कूर्चेला आपण गादी म्हणतो तिला संवेदनेचे तंतूच नाहीत. रक्तवाहिन्याही नाहीत. बिचारी झिजून जाते, पण जाताना एक शब्द बोलत नाही. बोलतात ते शेजारी. तिच्या खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, वाटीखालची चरबीची उशी, भोवतालचे बंध. आमच्या सोसायटीत जिच्या घराचं छत गळतं ती बाई गप्प असते आणि सभेत आवाज चढवतात ते खालच्या मजल्यावरचे, तसलाच प्रकार.

त्यामुळे एक्स-रेवरून माणसाचं दुखणं ओळखायला जावं तर फजिती होते. १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी एक्स-रेतल्या झिजेला शून्य ते चार अशा श्रेणी लावून दिल्या, आणि तेव्हापासून त्या जगभर चालू आहेत. पुढे असंख्य वेळा दिसून आलं की फोटो आणि दुखणं यांची सांगड सैलच असते. चित्रात भयंकर झीज आणि माणूस खुशाल, किंवा चित्र बरं आणि माणूस बेजार. आमच्या तळमजल्यावरच्या अण्णांचे दोन्ही गुडघे चौथ्या श्रेणीचे. ते रोज सकाळी पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या चढून जातात आणि वर बसून तरुणांच्या तब्येतींबद्दल चिंता व्यक्त करतात. शेजारच्या वहिनींची दुसरी श्रेणी, आणि त्यांना ओट्यापाशी पोळ्या होईपर्यंत उभं राहवत नाही. अण्णा आपल्या चौथ्या श्रेणीचा फार अभिमान बाळगतात. लग्नात कुणी गुडघ्याचा विषय काढला की ते हळूच विचारतात, "तुमचं कितवं?" समोरचा तिसरं म्हणाला की अण्णा नुसते हसतात. मुळात एक्स-रे हाही एका स्तब्ध क्षणाचा फोटो. गुडघ्याला उभं केलं, हलू नका म्हटलं आणि बटण दाबलं. न हलणं हीच त्यात अट.

प्रश्न विचारायचे तर हालचालीचे विचारावेत, हे कॅनडातल्या मंडळींना १९८२ मध्येच सुचलं होतं. तिथल्या वेस्टर्न ओंटारिओ आणि मॅकमास्टर या दोन विद्यापीठांच्या नावाने 'वोमॅक' ही प्रश्नावली तयार झाली. एकूण २४ प्रश्न. पाच दुखण्याचे, दोन आखडण्याचे, सतरा रोजच्या कामांचे. प्रश्नावली चांगलीच आहे, पण कॅनडाची आहे. मोटारीत बसता-उतरताना त्रास होतो का? पायमोजे चढवताना? आंघोळीच्या टबात शिरताना-निघताना? आत्याच्या बाथरूममध्ये टब ठेवला तर आत्याला बाहेर उभं राहावं लागेल. पायमोजे ती महाबळेश्वरला एकदा घालून आली, त्यानंतर नाही. उलट भारतीय पद्धतीचा संडास, पूजेला मांडी घालून बसणं, वाकून नमस्कार, या ज्या ठिकाणी आपले गुडघे खरे उघडे पडतात, ती ठिकाणं त्यात नाहीत. कॅनडातल्या लोकांनी काही केलं आणि ते पुण्याने दुरुस्त केलं नाही असं होत नसतं. इथल्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेने वोमॅक भारतीय रुग्णांना जुळेल अशी बदलून घेतली, आणि भारतातल्या अनेक अभ्यासांत 'पुणे आवृत्ती' असाच तिचा उल्लेख येतो. पुणेकरांनी या गोष्टीची पाटी अजून कुठे लावलेली नाही याचं आश्चर्य वाटतं.

माझ्या हातात असतं तर मी त्यात आणखी भर घातली असती. पीएमपी बसच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला असताना ड्रायव्हरने गाडी सोडली तर दुखतं का? हळदीकुंकवाला ओटी घ्यायला उठून पुन्हा बसताना? रिक्षातून अर्धं उतरल्यावर सुट्टे पैसे नाहीत असं कळलं तर? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो कॅनडातही नाही आणि पुण्यातही माझ्या ऐकिवात नाही: गेल्या दोन वर्षांत आपण कायकाय करणं सोडून दिलं?

कारण आत्याचे चार मार्क कुठून आले ते मला पुढे कळलं. डॉक्टरांनी ते अगदीच हवेतून काढले नव्हते. तिला खरंच फारसं दुखत नव्हतं, कारण जे केल्यावर दुखतं ते तिने बंद केलं होतं. आधी गच्ची सुटली. वाळवणं गच्चीवर असायची, ती बाल्कनीत आली, आणि "हल्ली गच्चीवर कबुतरं फार" असं कारण मिळालं. मग ओट्याखालचे कप्पे सुटले. पुरणयंत्र, मोठी परात, फुलपात्रं सगळं हळूहळू वर चढलं आणि खालच्या कप्प्यांत आता दिवाळीच्या पणत्या आणि अंधार आहे. मग चौथ्या मजल्यावरची भिशी सुटली, तिथल्या बायका फार बोलतात म्हणून. गुरुवारचं देऊळ सुटलं, तिथे तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. देव काय, घरातही आहे. मग नाटक सुटलं. "आजकाल नाटकंच चांगली येत नाहीत." आत्यासारख्या बाईने, जिने तिकिटाच्या रांगेत दोनदा भांडणं केली आहेत, हे वाक्य उच्चारलं तेव्हाच घरात कुणाला तरी संशय यायला हवा होता. पण आम्ही म्हणालो, खरंय, पूर्वीचे नट राहिले नाहीत.

पोरं अवघड धडे ऑप्शनला टाकायची तेव्हा ही बाई वर्गात तांडव करायची. भूमिती ऑप्शनला टाकून शंभरात साठ मिळवणाऱ्याला ती हुशार म्हणत नसे, लबाड म्हणत असे. आणि आता तिने स्वतः जिना, जमीन, देऊळ आणि रंगभूमी ऑप्शनला टाकून दहात चार मिळवले होते. डॉक्टरांच्या नोंदीत तब्येत स्थिर.

यातली वाईट गोष्ट अशी की टाकलेला धडा पुढच्या वर्षी आणखी अवघड होतो. जिना टाळला की मांडीचा स्नायू बारीक होतो, स्नायू बारीक झाला की उरलेल्या चार पायऱ्याही जड जातात, मग त्याही टाळाव्या लागतात. आणि बसून वजन वाढतं. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की वजन एक किलोने उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. हे मी आत्याला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे वाढलं तर चारने वाढतो. ते तू सांगितलं नाहीस, पण मला गुणाकार येतो." आणि दुसरा लाडू परत ठेवला. अर्धाच ठेवला.

घरच्यांचा स्वभावही या आजारात फार उघडा पडतो. गुडघेदुखीवर कुणाचा विश्वास नसतो याचं कारण ती सातत्य पाळत नाही. आत्याच्या जाऊबाईंचंच बघा. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला त्यांचा गुडघा दुखतो, आणि आषाढीच्या वारीत दिंडीबरोबर दिवे घाट चढून जातात. मग घरात कुजबुज होते, की कोथिंबिरीला दुखतं, विठ्ठलाला दुखत नाही. त्यांच्या सुनेच्या मते हा सरळ पुरावाच. पण दुखणं म्हणजे गुडघ्यातून डोक्यात गेलेली एक वायर नाही, की इकडे झीज तिकडे घंटा. वाटेत मेंदू आपलं मत घालतो. रात्रीची झोप, काळजी, सोबत, कशासाठी चाललो आहोत, हे सगळं तो हिशेबात धरतो. आदल्या रात्री झोप न झालेल्या माणसाला तीच पायरी उंच लागते. आणि एक साधी गोष्ट सुनेच्या लक्षात आली नाही, दिवे घाट वारीत चढायचा असतो, उतरायचा नसतो. परत जाऊबाई एसटीने येतात. आल्यावर आठवडाभर त्यांचा गुडघा काय म्हणतो ते त्या कुणाला सांगत नाहीत, सांगितलं तर पुढच्या वर्षी जाऊ देणार नाहीत.

उपाय सुचवणाऱ्यांबद्दल लिहायचं तर वेगळा दिवाळी अंक काढावा लागेल. निर्गुडीचा पाला, एरंडेल, डिंकाचे लाडू, तांब्याचं कडं. तेल लावून चोळण्याला मात्र मी हसत नाही. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूच्या दारातच वेदनेच्या संदेशांना अडवू शकतात. आजी ते दार आधीपासून लावत होती, तिने निबंध लिहिला नाही एवढंच. काठीचं एक सांगून टाकतो, कारण रस्त्यावर दहातले निम्मे लोक चूक हातात धरलेले दिसतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. उजव्या हातात धरली की रुबाब येतो, उपयोग कमी होतो.

दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करून घेण्याचीही एक लाट होती. २००२ मध्ये ह्यूस्टनमधल्या डॉक्टरांनी १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा गुडघा आतून खरवडला, दुसऱ्याचा नुसता धुतला आणि तिसऱ्याच्या कातडीला फक्त चिरा दिल्या, आत काहीच केलं नाही. दोन वर्षं पाठपुरावा केला. खोट्या ऑपरेशनवाले खऱ्यांपेक्षा जराही मागे पडले नाहीत. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, बिल तिघांना सारखं लावलं का.

सांधा बदलायची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा, आणि तेव्हापासून 'नी रिप्लेसमेंट' हा शब्द भाजीवाल्यापर्यंत पोचला. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आणली आणि पुष्कळांना तो आवाक्यात आला. वेळ आली की ते ऑपरेशन उत्तमच. पण आत्याची वेळ आली आहे की नाही, हे चार या आकड्यावरून कुणाला सांगता आलं नसतं.

ते काम फिजिओथेरपीवाल्या मुलीने केलं. विशीतली पोर, पाठीला सॅक. तिने आल्या आल्या दुखतं किती हे विचारलंच नाही. म्हणाली, "आजी, हात छातीशी घट्ट घडी घालून खुर्चीतून उठा, बसा, पुन्हा उठा. तीस सेकंद. मी मोजते."

"उठाबशा?" आत्या म्हणाली. "मला?"

जन्मभर उठाबशांची शिक्षा एकाच दिशेने वाहिली होती. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी त्या क्षणी हजर नव्हतं, ही त्यांची हानी. पण आत्या उठली. पहिल्या तीन वेळा बरी, चौथ्याला तोंड वाकडं, सहाव्याला अंबाबाई. मुलगी प्रत्येक वेळी विचारत होती, "आत्ता किती? आणि आत्ता?" मग सहा मिनिटं पॅसेजमध्ये चालवलं. मग जिना, वर सहा पायऱ्या आणि खाली सहा. दर टप्प्याला वेगळा आकडा. शेवटी म्हणाली, "उद्या सकाळी फोन करते, तेव्हाचाही सांगा." आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला पेपर काढता येतो."

पण व्यायामाची अट ऐकून ती बिथरली. मुलीचं म्हणणं असं, की करताना दुखलं तर थांबायचं नाही. दहात पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, फक्त चोवीस तासांत पूर्वीइतकं खाली यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी थोडं कमी करायचं. हे तिच्या मनाचं नव्हतं. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा व्यायामाचा कार्यक्रम चालतो, त्यात हीच मोजपट्टी वापरतात. दुखणं म्हणजे दर वेळी आत काहीतरी मोडणं नव्हे, हे त्यामागचं म्हणणं. चाळीस वर्षं ज्या घरात "दुखतंय ना, मग हलू नकोस" हाच मायेचा सर्वोच्च आविष्कार होता, तिथे हे वाक्य फारच उद्धट वाटलं. माझी आई तर मुलगी गेल्यावर म्हणाली, "हिची सासू कोण होणार, देव जाणे."

आत्या मात्र विचारात पडली. नियमात तिला आकडा दिसला होता, मुदत दिसली होती, आणि नापास झाल्यास पुढे काय हेही दिसलं होतं. संध्याकाळी सिरीयलच्या जाहिरातींत तिने गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी घेऊन मांडी आवळायला सुरुवात केली. सिरीयल तिला आवडत नाही, पण त्यात जाहिराती भरपूर असतात. तिने फुलस्केप कागदावर तक्ताही आखला. विषय, करताना, संपल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. जिना उतरणे या विषयासमोर पहिले काही दिवस लाल शाईत 'गैरहजर' असं लिहिलेलं होतं. नंतर तिथे सात दिसू लागले, साडेसहा दिसू लागले. म्हणजे दुखणं चारावरून सातावर गेलं होतं आणि आत्या जिन्यावर होती. एका रविवारी ती दुपारच्या नाटकाला जाऊनही आली. नाटक वाईट होतं, असं म्हणाली. हे मात्र खरं असावं.

पुढच्या तारखेला आम्ही पुन्हा पहिल्या मजल्यावर चढलो. डॉक्टर ऑपरेशनला गेले होते, त्यांच्या जागी मदतनीस मुलगा नोंदी भरत होता. "आजी, शून्य ते दहा, किती?"

आत्याने पर्समधून तक्ता काढला, उलगडला आणि टेबलावर त्याच्याकडे तोंड करून ठेवला. त्याने तो वाचला. उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "हे सगळं मिळून एकूण किती धरू?"

"एकूण धरायचं नाही. गणितात नापास झालेला मराठीच्या मार्कांवर पास होत नाही."

"पण आजी, कॉम्प्युटरला एकच आकडा लागतो. इथे एकच चौकट आहे. काहीतरी टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

आत्याने तक्त्याची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि खुर्चीच्या कडेपर्यंत सरकली.

"मग लिही, निकाल राखून ठेवला आहे."